मोठेबाबांचा खुबा आणि हरवलेलं स्टिकर

मागच्या महिन्यात जोडून सुट्टी आली म्हणून पवनारला घरी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता मोठेबाबा म्हणाले, "जांघेत दुखून राहिलं दिवाळीपासून. वर्ध्याच्या डॉक्टरकडं जातो म्हणतो. चालतं का संगं?"

मोठेबाबांचा उजवा खुबा २००८ साली बदललेला आहे, नागपूरच्या एका खाजगी हॉस्पिटलात. तेव्हा ते पंचेचाळिशीच्याही अलीकडे होते आणि मी शाळेत. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून तो गोळा खचत जातो, त्याला डॉक्टर एव्हीएन म्हणतात. आपल्याकडे खुबा बदलायचं हे एक मोठं कारण आहे आणि ते म्हातारपणाची वाट बघत नाही. त्यात विदर्भात सिकलसेल बराच, आणि त्यातही हाच गोळा तरुणपणी बाद होतो. ऑपरेशननंतर मोठेबाबा काठी टाकून धाम नदीच्या पुलापर्यंत रोज फिरायला जायला लागले, तेव्हा आमच्या घरात अक्षरशः पेढे वाटले होते.

तर वर्ध्याच्या डॉक्टरांनी पाय हलवून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "इम्प्लांट कुठलं बसवलंय?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो.

घरी येऊन फाइल काढली. मोठ्या आईने ती कोठीतल्या पेटीत, रेशनकार्ड आणि सातबाऱ्याच्या शेजारी नीट जपून ठेवली होती. औषधाच्या पावत्या होत्या, फिजिओथेरपीचा कागद होता. डिस्चार्ज कार्डवर लिहिलं होतं, 'राइट टोटल हिप रिप्लेसमेंट'. बस्स. कंपनी नाही, मॉडेल नाही, साइज नाही, लॉट नंबर नाही. खरं तर इम्प्लांटच्या प्रत्येक खोक्यात ही सगळी माहिती छापलेली छोटी स्टिकरं येतात. एक केसपेपरवर चिकटवायचं असतं, एक पेशंटला द्यायचं असतं. आमच्या फाइलमध्ये ते नव्हतं. हॉस्पिटलला फोन केला तर उत्तर मिळालं, इतकं जुनं रेकॉर्ड आम्ही ठेवत नाही.

मला राग आला आणि रात्री मी वाचत बसलो. वाचता वाचता लक्षात आलं की डॉक्टरांच्या त्या साध्या प्रश्नामागे सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो फक्त धातू-प्लास्टिकचा इतिहास नाही. तो हिशोब ठेवण्याचा इतिहास आहे.

चार्नलीची मांडी

खुबा म्हणजे गोळा आणि वाटी. मांडीच्या हाडाचा गोळा ओटीपोटाच्या हाडातल्या वाटीत फिरतो. तो खराब झाला तर दुसरा बसवावा, ही कल्पना जुनी आहे. बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक याने १८९१ च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले होते. १९३८ मध्ये लंडनला फिलिप वाइल्स याने स्टीलचा गोळा आणि स्टीलची वाटी वापरली. पण आज आपण ज्याला हिप रिप्लेसमेंट म्हणतो त्याचा खरा बाप म्हणजे जॉन चार्नली. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या राइटिंग्टन हॉस्पिटलात काम करणारा सर्जन.

चार्नलीचं डोकं इंजिनियरचं होतं. त्याचं म्हणणं असं की खरा प्रश्न घर्षणाचा आहे. म्हणून त्याने धातूचा लहान गोळा घेतला आणि वाटी केली टेफ्लॉनची. हो, तेच आपल्या नॉनस्टिक तव्याचं टेफ्लॉन. १९५८ पासून पुढे त्याने सुमारे ३०० पेशंटना असे खुबे बसवले. सुरुवातीला सगळे खूश. वर्षानुवर्षं खुर्चीला खिळलेली माणसं चालायला लागली. आणि मग दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजायला लागलं. नुसतं झिजलंच नाही, तर त्याचा भुगा आजूबाजूच्या मांसात जाऊन तिथे गाठी झाल्या, हाड पोखरलं गेलं.

इथे चार्नलीने काय केलं ते बघण्यासारखं आहे. त्याने ते पेशंट परत बोलावले आणि एकेकाचं ऑपरेशन पुन्हा स्वतः केलं. स्वतःच्याच चुका, स्वतःच्याच हाताने, एकामागून एक. त्याच काळात त्याच्या कार्यशाळेत हॅरी क्रेव्हन नावाचा तंत्रज्ञ होता. १९६२ मध्ये एक विक्रेता त्याच्याकडे एका नव्या प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला. लँकेशायरच्या कापड गिरण्यांमधल्या मागांच्या गिअरसाठी ते वापरलं जायचं. चार्नलीने त्यावर अंगठ्याचं नख ओढून पाहिलं आणि वेळ घालवू नकोस म्हणून सांगितलं. क्रेव्हनने साहेब परदेशी गेल्यावर ते गुपचूप मशीनवर चढवलं. तीन आठवडे घासूनही ते जितकं झिजलं त्यापेक्षा टेफ्लॉन एका दिवसात जास्त झिजत होतं. हे पॉलिएथिलीन. नोव्हेंबर १९६२ पासून ते वापरात आलं आणि त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही जगभर बसवल्या जातात.

पण टेफ्लॉनचा चटका बसलेल्या चार्नलीने आणखी एक काम केलं. दोन्ही प्लास्टिकचा भुगा स्वतःच्याच मांडीत टोचून घेतला. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या होत्या, पॉलिएथिलीनच्या जागी काही नव्हतं. मगच तो निर्धास्त झाला. तरीही पुढची काही वर्षं राइटिंग्टनला येऊन शिकून गेलेल्या सर्जनलाच त्याचा खुबा विकत मिळायचा. पेशंटच्या मृत्यूनंतर आत बसवलेला सांधा तपासायला मिळावा, म्हणून तो त्यांची आधीच संमतीही घेऊन ठेवायचा.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट मांडीतलं इंजेक्शन वाटत नाही. त्याच्याकडे यादी होती, ही ती गोष्ट. ते ३०० लोक कोण, कुठे राहतात, कोणाला काय बसवलं, हे त्याला माहीत होतं. म्हणून ते परत बोलावता आले.

यादी मोठी झाली की

एका हॉस्पिटलातले ३०० पेशंट लक्षात ठेवणं वेगळं आणि देशभरातले लाखो वेगळं. शिवाय खुब्याचं दुखणं असं की बिघाड लगेच दिसत नाही. पाच-सहा वर्षांनी एखाद्याला दुखायला लागतं, तो दुसऱ्याच गावात दुसऱ्याच डॉक्टरकडे जातो. त्या डॉक्टरला वाटतं, एखादी केस बिघडायचीच. असे शंभर डॉक्टर शंभर गावांत एकेक केस बघतात आणि कोणालाच कळत नाही की खोट मॉडेलमध्ये आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक सर्व्हरवर एक एरर, पण लॉग एकत्र कुठेच नाहीत.

स्वीडनने हे लवकर ओळखलं. १९७९ मध्ये त्यांनी देशभरातल्या खुब्यांची नोंदवही सुरू केली. कोणाला कुठलं इम्प्लांट बसवलं आणि पुन्हा ऑपरेशन कधी करावं लागलं, एवढ्या दोनच गोष्टी नीट लिहिल्या तरी पुरे. तिथे प्रत्येक नागरिकाला एक ओळख क्रमांक असल्याने माणूस कुठल्याही गावात गेला तरी हिशोब जुळतो. हळूहळू कुठलं मॉडेल टिकतं आणि कुठलं नाही याचे तक्ते तयार झाले, वाईट मॉडेलं आपोआप मागे पडली.

ब्रिटनला मात्र ठेच लागल्यावर शहाणपण आलं. १९९१ मध्ये थ्री-एम कंपनीने 'कॅपिटल हिप' नावाचा, चार्नलीच्या खुब्यासारखाच दिसणारा पण स्वस्त खुबा बाजारात आणला. १९९७ पर्यंत तिथल्या साडेचार हजारांहून जास्त पेशंटना तो बसला. तो लवकर सैल होतोय हे लक्षात येऊन १९९८ मध्ये सरकारने इशारा दिला, तेव्हा हॉस्पिटलांना आपलेच पेशंट शोधताना नाकी नऊ आले. चार्नलीच्याच देशात यादी हरवली होती! या फजितीचा मोठा हात होता म्हणून एप्रिल २००३ मध्ये इंग्लंड आणि वेल्सची राष्ट्रीय सांधे नोंदवही सुरू झाली. ऑस्ट्रेलियाची १९९९ मध्येच सुरू झाली होती.

या दोन नोंदवह्या लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीत त्याच हिरो आहेत.

एएसआर

२००३ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू या कंपनीने एएसआर नावाचा खुबा आणला. यात गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची, कोबाल्ट-क्रोमियमची. कल्पना आकर्षक होती. प्लास्टिक झिजतं, मग प्लास्टिकच काढून टाका. प्लास्टिकची जाडी वाचली की गोळा मोठा करता येतो, आणि मोठा गोळा वाटीतून सहज निसटत नाही. तरुण, धावपळीच्या पेशंटसाठी हे फारच छान वाटत होतं. आपल्याकडे तर जास्तच, कारण आपले पेशंट तरुण असतात आणि आपलं निम्मं आयुष्य जमिनीवर मांडी घालण्यात जातं.

अडचण वाटीत होती. पाय जास्त फिरावा म्हणून एएसआरची वाटी उथळ ठेवली होती. ऑपरेशनमध्ये ती जरा तिरकी बसली की गोळ्याचा भार वाटीच्या मध्यावर न येता काठावर यायचा. विहिरीच्या काठावर दोर घासावा तसं. त्या घासण्यातून कोबाल्ट आणि क्रोमियमचे अतिसूक्ष्म कण सुटायचे. सांध्याभोवतीचं मांस मरायचं, गाठी व्हायच्या, रक्तात धातू चढायचा. अलास्कातल्या स्टीफन टॉवर या हाडांच्या डॉक्टरने २००६ मध्ये स्वतःलाच एएसआर बसवून घेतला होता. पुढे कानात आवाज येणं, हृदयाचं दुखणं अशा तक्रारी सुरू झाल्या आणि त्याने आपल्या रक्तातल्या कोबाल्टवरच पेपर लिहिला. चार्नलीने जाणूनबुजून केलेला प्रयोग या माणसावर नकळत झाला.

मग हे आधी कसं सापडलं नाही? अमेरिकेत २००५ मध्ये एएसआरच्या संपूर्ण खुब्याला परवानगी मिळाली ती एका सोप्या रस्त्याने. आधीपासून बाजारात असलेल्या वस्तूसारखीच ही वस्तू आहे, एवढं दाखवलं की माणसांवर वेगळी चाचणी करून दाखवायची गरज नव्हती. आम्ही कोडमध्ये असं करतो, "छोटासाच बदल आहे, टेस्टिंग कशाला?" आणि शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करतो. सोमवारी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

सापडलं ते नोंदवह्यांमध्ये. ऑस्ट्रेलियाच्या तक्त्यात एएसआर इतरांपेक्षा जास्त वेळा काढावा लागतोय हे दिसायला लागलं आणि डिसेंबर २००९ मध्ये तो तिथल्या बाजारातून गेला. ब्रिटनमध्ये अँटनी नारगोल आणि डेव्हिड लँगटन हे डॉक्टर आपल्या पेशंटचे आकडे घेऊन ओरडत होते. शेवटी ब्रिटनच्या नोंदवहीचे आकडे आले. पाच वर्षांत शंभरातले १२ ते १३ खुबे पुन्हा उघडावे लागले होते. तुलनेसाठी सांगतो, त्या काळी ब्रिटनमध्ये चांगल्या खुब्याची कसोटी होती, दहा वर्षांत शंभरात जास्तीत जास्त १०. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने एएसआर जगभरातून परत घेतला. तोपर्यंत तो सुमारे ९३,००० लोकांच्या शरीरात होता. पुढे २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टात पुढे आलेल्या कागदपत्रांत कंपनीचा स्वतःचाच २०११ चा अंदाज निघाला की पाच वर्षांत शंभरातले ३७ बिघडतील. त्याच वर्षी कंपनीने अमेरिकेतल्या सुमारे ८,००० पेशंटशी अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली.

आपले ४,७००

आणि आपल्याकडे?

भारतात एएसआरच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. परत घेण्याच्या घोषणेनंतर पहिली हालचाल केली ती महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने. तेव्हा महेश झगडे आयुक्त होते. त्यांच्या खात्याने चौकशी करून मुंबईत पोलिसांकडे प्रकरण नेलं आणि दिल्लीला कळवलं. २०१२ मध्ये आयातीचा परवाना रद्द झाला. पण देशाच्या औषध नियंत्रकांनी या खुब्याबद्दल इशारा काढला तो डिसेंबर २०१३ मध्ये. ऑगस्ट २०१० ते डिसेंबर २०१३ हा काळ मोजून बघा. तीन वर्षांच्या वर.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २०१८ मध्ये आला. समितीने प्रत्येक पेशंटला किमान २० लाख द्यावेत असं म्हटलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारने ३० लाख ते १ कोटी २३ लाख असं सूत्र ठरवलं. प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं आणि मे २०१९ मध्ये कंपनी ६७ पेशंटना प्रत्येकी २५ लाख द्यायला तयार झाली.

पण माझी नजर अडकली ती दुसऱ्याच आकड्यावर. ४,७०० शस्त्रक्रियांपैकी कंपनीच्या हेल्पलाइनवर नोंद झालेले पेशंट होते हजारापेक्षा थोडे जास्त. उरलेल्या सुमारे ३,६०० जणांचा पत्ताच लागला नाही.

पत्ता लागला नाही म्हणजे काय? ही माणसं कुठे पळून गेलेली नाहीत. ती आपापल्या घरी आहेत. कोणी पुण्यात, कोणी अकोल्यात, कोणी एखाद्या खेड्यात. जांघेत दुखतंय म्हणून बाम चोळत असतील. वय झालं म्हणून सोडून देत असतील. आपल्या खुब्याचं नाव काय हे त्यांना माहीतच नाही, तर तो परत मागवला आहे हे कसं कळणार? पेपरात जाहिरात दिली तरी ती वाचून "अरे, हा तर माझाच" असं म्हणायला आधी स्टिकर लागतं.

आणि स्टिकर गेलं तर हॉस्पिटलचं रेकॉर्ड. इथे मला माझ्या रागाचं उत्तर मिळालं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे भरती पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं ठेवणं डॉक्टरला बंधनकारक आहे. तीन! खुब्याचा बिघाड दिसायला पाच-सहा वर्षं लागतात आणि कागद तीन वर्षांनी रद्दीत गेला तरी नियम मोडत नाही. म्हणजे फोनवर मला उत्तर देणाऱ्या त्या बाई बहुतेक खोटं बोलत नव्हत्या, आणि नियमही मोडत नव्हत्या. हेच जास्त वाईट आहे.

तेव्हापासून काहीच झालं नाही असं नाही. खुबा-गुडघ्याच्या सर्जनांच्या भारतीय संघटनेने २००६ मध्येच नोंदवही सुरू केली होती, पण ज्याला वाटेल त्याने भरावी अशी. २०१५ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारी नोंदवण्याचा सरकारी कार्यक्रम आला. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. पण तक्रारींची वही आणि सगळ्यांची वही यात फरक आहे. किती बिघडले हे सांगायला किती बसवले हेही माहीत लागतं. छेद नसला तर नुसता अंश काय सांगणार?

पवनार, पुन्हा

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं मोठेबाबांना सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे माह्या स्कूटीचा चासी नंबर सरकारजवळ हाये, अन् खुब्याचा नाही?"

एवढं वाचून मी जे पानभर लिहिलं ते त्यांनी एका ओळीत सांगितलं. गाडीत खोट निघाली तर कंपनी चासी नंबरावरून पत्र पाठवू शकते. खुब्याचं पत्र कुठल्या पत्त्यावर पाठवणार?

संध्याकाळी नवीन एक्स-रे घेऊन डॉक्टरांकडे गेलो. २००८ हे साल आणि पंचेचाळिशीच्या आतलं वय, दोन्ही मला रात्रभर टोचत होते. डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावली आणि बोटाने दाखवलं. वाटी पांढरी, गोळा पांढरा, आणि दोघांच्या मध्ये एक राखाडी चंद्रकोर. "हे दिसतंय? हे प्लास्टिक. प्लास्टिक एक्स-रेत असं दिसतं. धातूवर धातू असता तर ही कोर दिसली नसती, गोळा वाटीला भिडलेला दिसला असता. आणि इतका लहान गोळाही नसता." दुखणं बहुतेक कमरेच्या मणक्याचं आहे, पण दरवर्षी एक एक्स-रे काढत चला, असं सांगून त्यांनी आम्हाला सोडलं.

म्हणजे आमचं नशीब चांगलं. पण सोळा-सतरा वर्षांनी एका राखाडी पट्टीवरून, अंदाजाने कळलेलं नशीब. कंपनी आणि मॉडेल आम्हाला आजही माहीत नाही. उद्या दुसऱ्या एखाद्या खुब्याबद्दल इशारा आला तर आम्ही पुन्हा त्याच बाकावर बसणार.

म्हणून एकच सांगतो. तुमच्या आई-बाबांचा, आजीचा गुडघा किंवा खुबा बदललेला असेल, हृदयात स्टेंट असेल, तर या शनिवारी फाइल काढा. स्टिकर आहे का बघा. असेल तर फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांच्या फोनमध्ये ठेवा. नसेल आणि ऑपरेशनला तीन वर्षं झाली नसतील तर सोमवारीच हॉस्पिटलात जाऊन मागा. आणि ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर भूलतज्ज्ञाच्या फीच्या आधी स्टिकरचं बोला.

मोठ्या आईने आता फाइलमध्ये नवा एक्स-रे ठेवला आहे. त्याच्या पाकिटावर मोठेबाबांनी निळ्या पेनाने स्वतः लिहिलं आहे: 'उजवा खुबा. मधी प्लास्टिक हाये. कंपनी माहीत नाही.'